मॅटलॅबची स्क्रिप्ट जावातून कशी चालवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यातल्या मशिनांवर कंपन मोजणारे सेन्सर बसवले आहेत. दर दहा मिनिटांनी साधारण दीडशे सेन्सरांचा, प्रत्येकी दहा सेकंदांचा डेटा सर्व्हरवर येतो. कुठल्या मशीनचं बेअरिंग जायला लागलंय हे ओळखणारी स्क्रिप्ट एका सहकाऱ्याने मॅटलॅबमध्ये, म्हणजे गणिती कामाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहिली आहे आणि त्याच्या लॅपटॉपवर ती व्यवस्थित चालते. बाकीची सगळी यंत्रणा जावात आहे. तर ही स्क्रिप्ट जावातून कॉल कशी करायची? की सगळं गणित जावात पुन्हा लिहून काढायचं? आणि मॅटलॅबच्या परवान्याचं काय?

मी बरीच वर्षं याच प्रकारचं काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. मार्ग चार-पाच आहेत आणि त्यातला प्रत्येक मार्ग नीट चालवता येतो. लोकांचा वेळ जातो तो मार्गांची तुलना करण्यात, आणि प्रकल्प अडतो तो भलत्याच ठिकाणी. माझं ठाम मत आहे की मार्ग सगळ्यात शेवटी निवडावा. आधी स्क्रिप्टचं फंक्शन करा. आत काय जाणार, बाहेर काय येणार, कोणत्या एककात आणि कोणत्या प्रकारात, हे एका कागदावर लिहून काढा. एवढं झालं की उद्या मॅटलॅबऐवजी ऑक्टेव्ह (मॅटलॅबसारखीच भाषा चालवणारं फुकट साधन) घ्यायचं ठरलं तरी जावाच्या बाजूला फारसा हात लावावा लागत नाही.

स्क्रिप्टपासूनच सुरुवात करू. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीला मॅटलॅब लिहिलं ते विद्यार्थ्यांसाठी. फोरट्रान न शिकता लिनपॅक आणि आइसपॅक या लायब्रऱ्या त्यांना वापरता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. मॅथवर्क्स कंपनी त्यानंतर, १९८४ मध्ये निघाली. म्हणजे हे साधन मुळात समोर बसलेल्या माणसासाठी घडलेलं आहे. ओळ टाइप करा, उत्तर पाहा, आलेख काढा, पुढची ओळ टाइप करा. स्क्रिप्टही त्याच सवयीने लिहिल्या जातात. वर ‘क्लिअर ऑल’, ‘क्लोज ऑल’, ‘सीएलसी’ ही त्रिकूट ओळ, खाली डी ड्राइव्हवरच्या कुठल्याशा फोल्डरचा पूर्ण पत्ता, मध्येच एखादा ‘पॉज’, शेवटी चार आलेख.

समोर बसणाऱ्याला ‘क्लिअर ऑल’ सोयीचं असतं, मागच्या प्रयोगाचे अवशेष निघून जातात. पण तुमच्या जावा प्रोग्रॅमने नुकताच वर्कस्पेसमध्ये, म्हणजे मॅटलॅबच्या चालू मेमरीत, ठेवलेला सिग्नलही तीच ओळ पुसते. त्यानंतर स्क्रिप्टने ‘व्हेरिएबल सापडत नाही’ अशी एरर दिली तर ठीक, निदान कळतं तरी. पण खाली कुठेतरी जुनी चाचणीची फाइल लोड करणारी ओळ शिल्लक असेल, तर स्क्रिप्ट ती फाइल उचलते आणि दीडशेही सेन्सरांना तोच निकाल देते. एरर नाही, लाल अक्षर नाही, डॅशबोर्ड हिरवागार. अशी चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून फंक्शन. स्वरूप साधारण असं ठेवा (नावं समजायला मराठीत देतो, प्रत्यक्ष कोडमध्ये मॅटलॅबला रोमन अक्षरंच लागतात):

निकाल = बेअरिंग_तपास(सिग्नल, सॅम्पल_रेट, आरपीएम, बेअरिंग_गुणक)

आत शिरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे प्रत्येक आकडा डबलमध्ये (दशांश ठेवणाऱ्या प्रकारात) बदलून घ्या आणि सिग्नल उभ्या रांगेत करा, म्हणजे ‘सिग्नल = डबल(सिग्नल(:))’. मग लांबी तपासा, एनएएन (आकडाच नसलेली किंमत) आहे का ते तपासा, आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) शून्य आहे का ते तपासा, आणि काही खटकलं तर स्वच्छ शब्दांत एरर द्या. फाइलचे पत्ते, आलेख, ‘इनपुट’, ‘कीबोर्ड’, फाइल निवडायची खिडकी, हे सगळं फंक्शनबाहेर काढा. सर्व्हरवर बटण दाबायला कुणी बसलेलं नसतं, तिथे ‘पॉज’ म्हणजे कायमचं थांबणं. सहकाऱ्याला आलेख हवेच असतात, त्यासाठी वेगळी छोटी स्क्रिप्ट ठेवा जी हेच फंक्शन बोलावून आलेख काढेल. त्याचं काम अडता कामा नये. नाहीतर तो जुनीच प्रत सुधारत राहील आणि सर्व्हरवर भलतंच काही चालत राहील.

‘ग्लोबल’ आणि ‘पर्सिस्टंट’ हे दोन शब्द अख्ख्या कोडमध्ये शोधा. असे व्हेरिएबल एका कॉलनंतरही आपली किंमत धरून ठेवतात. लॅपटॉपवर दरवेळी नव्याने चालवताना ते निरुपद्रवी वाटतात. एकच मॅटलॅब दिवसभर जिवंत ठेवून त्याला दीडशे कॉल केलेत, की पहिल्या सेन्सरची बेसलाइन दुसऱ्याच्या हिशोबात शिरते.

आता डबलवर एवढा जोर का, ते एका उदाहरणाने दाखवतो, कारण जावातून मॅटलॅब चालवताना सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना पाहिलंय. ६२०५ हे अगदी सर्रास मिळणारं बेअरिंग घ्या. त्यात नऊ बॉल असतात. बाहेरच्या रेसवर (बॉल ज्यावरून फिरतात त्या कड्यावर) खड्डा पडला तर प्रत्येक फेरीला साधारण ३.५८५ ठोके बसतात, आतल्या रेसवर पडला तर साधारण ५.४१५. मोटर १४८० आरपीएमने फिरत असेल तर सेकंदाला २४.६७ फेऱ्या, म्हणजे बाहेरच्या रेसचे ठोके ८८.४ हर्ट्झला दिसायला हवेत. स्क्रिप्ट त्या जागेच्या आसपास, समजा दोन्ही बाजूंना एक हर्ट्झ, शिखर शोधते.

जावात आरपीएम साहजिकच ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, असतो. मॅटलॅब इंजिनमधून तो पलीकडे गेला की इंट३२ होतो. आणि मॅटलॅबमध्ये पूर्णांकाचं डबलशी गणित केलं तर उत्तर पूर्णांकच येतं, तेही जवळच्या आकड्याला गोल करून. म्हणजे १४८० भागिले ६० बरोबर २५. त्याला ३.५८५ ने गुणलं की ८९.६ नाही, ९०. तुमचं फंक्शन आता ८९ ते ९१ हर्ट्झमध्ये शिखर शोधतंय, खरं शिखर ८८.४ ला उभं आहे. निकाल येतो ‘बेअरिंग ठीक’. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर हे कधीच घडलं नाही, कारण मॅटलॅबमध्ये हाताने १४८० टाइप केलं तर तो आपोआप डबलच असतो. पायथनवाल्यांनाही हाच अनुभव येतो, तिथला ‘इंट’ पलीकडे इंट६४ होतो. पण तिथे वर्गमूळ काढायला गेलात तर मॅटलॅब सरळ एरर देतं, त्यामुळे ‘४’ ऐवजी ‘४.०’ लिहायचं असतं हे लोक लवकर शिकतात. भागाकार मात्र निमूटपणे होऊन जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बंदोबस्त करा. जावातून डबल पाठवा, आणि फंक्शनच्या पहिल्या ओळीत पुन्हा डबल करून घ्या.

परत येणाऱ्या गोष्टींचंही असंच. फंक्शनने शिखराचा इंडेक्स देऊ नये, फ्रीक्वेन्सी द्यावी. दहा सेकंदांच्या डेटात एफएफटीचा (सिग्नलमधल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या गणिताचा) प्रत्येक टप्पा ०.१ हर्ट्झचा. ८८.४ हर्ट्झ मॅटलॅबच्या अॅरेत ८८५ व्या जागी, जावाच्या अॅरेत ८८४ व्या. मॅटलॅब एकपासून मोजतं, जावा शून्यापासून. हा एकाचा फरक कुणी, कुठे आणि किती वेळा दुरुस्त केला यावर नंतर वाद होतात. हर्ट्झमध्ये उत्तर दिलं की वादच उरत नाही.

आता मार्गांकडे वळू.

पहिला आणि सगळ्यात साधा मार्ग म्हणजे मॅटलॅब वेगळी प्रोसेस म्हणून चालवणं. २०१९ च्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे आर२०१९ए पासून, ‘मायनस बॅच’ हा पर्याय आहे. त्यात काम झालं की मॅटलॅब स्वतः बंद होतं आणि एरर आली तर शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड देतं. जुन्या लेखांमध्ये ‘मायनस आर’ सापडेल, तो घेऊ नका. त्यात एरर आल्यावर मॅटलॅब प्रॉम्प्टवर येऊन पुढच्या हुकमाची वाट पाहत बसतं आणि तुमचा जावा थ्रेड त्याची.

यात खरा खर्च आहे तो मॅटलॅब सुरू होण्याचा. मशीननुसार बदलतं, पण दहा-वीस सेकंद गृहीत धरायला हरकत नाही. प्रत्येक सेन्सरसाठी नवी प्रोसेस काढलीत आणि पंधरा सेकंद धरलेत, तर दीडशे सेन्सरांना नुसतं सुरू व्हायलाच साडेसदतीस मिनिटं. तुमच्याकडे आहेत दहा. पण दर दहा मिनिटांनी एकच प्रोसेस काढून तिला दीडशे फाइलींचा फोल्डर दिलात, तर हा खर्च एकदाच पंधरा सेकंद. पुढचं गणित मिनिटा-दोन मिनिटांत आटोपेल, कारण दोन-अडीच लाख आकड्यांची एफएफटी आजच्या मशीनला काहीच नाही. दोन भाषांमध्ये ये-जा महाग असते. थोड्या फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीत भरपूर माल न्या.

जावाच्या ‘प्रोसेसबिल्डर’मध्ये (जावातून दुसरा प्रोग्रॅम सुरू करायच्या साधनात) एक गोष्ट विसरू नका. जावाने सुरू केलेल्या प्रोसेसचं आउटपुट तुम्ही वाचलं नाहीत, तर ते ज्यातून येतं तो पाइप भरतो आणि ती प्रोसेस लिहिता लिहिता गोठते. लिनक्सवर हा पाइप ठरीव हिशोबाने ६४ केबीचा असतो. स्क्रिप्टमध्ये कुठेतरी ओळीच्या शेवटी सेमीकोलन द्यायचा राहून गेला असेल आणि मॅटलॅब अख्खा सिग्नल छापत असेल, तर ६४ केबी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भरतात. दोन सेन्सरांची चाचणी निभते, मोठा डेटा आला की अडकते. आउटपुट आणि एरर एकाच प्रवाहात वळवा, ते सरळ लॉग फाइलमध्ये जाऊ द्या, आणि ‘वेटफॉर’ला कायम टाइमआउट द्या.

दुसरा मार्ग, मॅटलॅब इंजिन एपीआय. जावासाठी तो आर२०१६बी पासून आहे, पायथनसाठी त्याआधी, आर२०१४बी पासून. मॅटलॅब एकदा सुरू होतं आणि जिवंत राहतं, तुम्ही ‘एफइव्हॅल’ने फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट्स देता, निकाल जावाच्या ऑब्जेक्टमध्ये मिळतो. एररही जावाच्या एक्सेप्शनसारखी पकडता येते. वापरकर्त्याने बटण दाबल्यावर सेकंदभरात उत्तर हवं असेल तर हाच मार्ग. पण त्याच मशीनवर पूर्ण, परवाना असलेलं मॅटलॅब हवं, जावाची आवृत्ती त्या रिलीझला चालणारी हवी, आणि लायब्ररीचे पाथ नीट लागायला हवेत. पहिल्या दिवशीच्या बहुतेक तक्रारी पाथच्याच असतात. एक इंजिन एका वेळी एकच काम करतं. दहा वेब रिक्वेस्टनी एकाच इंजिनवर धडका दिल्या तर त्या रांगेत उभ्या राहणार. दोन-चार इंजिनांचा पूल करा, आणि ठरावीक कॉलनंतर प्रत्येक इंजिन बंद करून नवं काढा, म्हणजे साचलेली मेमरी सुटते.

इंजिन वापरताना ‘इव्हॅल’मध्ये मजकूर जोडून आज्ञा बनवू नका. वापरकर्त्याने दिलेलं मशीनचं नाव त्या मजकुरात गेलं, आणि त्या नावात एक अवतरण चिन्ह व सेमीकोलन असला, की त्यापुढचा मजकूर मॅटलॅब आज्ञा म्हणून चालवतं. मॅटलॅबमधून फाइली पुसता येतात, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञा देता येतात. ‘एफइव्हॅल’मध्ये नाव हे फक्त आर्ग्युमेंट राहतं.

तिसरा मार्ग, मॅटलॅब कंपायलर एसडीके वापरून फंक्शनची जार फाइल (जावाला थेट वापरता येणारं पॅकेज) करणं. ज्या सर्व्हरवर ती चालणार तिथे मॅटलॅब लागत नाही, मॅटलॅब रनटाइम लागतं आणि ते फुकट आहे. परवान्याचा प्रश्न इथे बराच सुटतो. पैसे कंपायलरचे आणि वापरलेल्या टूलबॉक्सचे, तेही जार बनवणाऱ्या मशीनपुरते. अट एकच, पण ती कडक आहे. आर२०२१बी वर बनवलेल्या जारला आर२०२१बी चंच रनटाइम लागतं. नवं आहे म्हणून चालत नाही. शिवाय रनटाइम काही जीबींचं असतं आणि पहिला कॉल हळू होतो, त्यामुळे सर्व्हर सुरू होतानाच एक फुकटचा कॉल करून ठेवावा. ज्यांचं नाव कोडमध्ये नुसतं मजकूर म्हणून दिलंय अशी फंक्शन्स कंपायलरला दिसत नाहीत, ती त्याला वेगळी सांगावी लागतात. आणि या मार्गातले मॅट्रिक्सचे ऑब्जेक्ट जावाच्या हीपबाहेरची (जावा स्वतः सांभाळतं त्या मेमरीबाहेरची) मेमरी धरतात. मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला त्यांचं वजन दिसत नाही, त्यामुळे काम झाल्याबरोबर ‘फायनली’मध्ये ‘डिस्पोज’ करायचंच. हे गणित तुमच्या जेव्हीएमच्या (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोसेसच्या) आतच चालतं, म्हणजे आतला क्रॅश पूर्ण सर्व्हर पाडू शकतो. मी अशी जार मुख्य सर्व्हरमध्ये कधीच ठेवत नाही, वेगळ्या लहान सर्व्हिसमध्ये ठेवतो.

चौथा मार्ग ऑक्टेव्ह. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये याचं काम सुरू केलं आणि १९९४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. तुमच्या स्क्रिप्टमध्ये बँडपास फिल्टर, हिल्बर्ट आणि एफएफटी एवढंच असेल, आणि कंपनाच्या विश्लेषणात बहुधा एवढंच असतं, तर सिग्नल पॅकेज लोड करून ती ऑक्टेव्हमध्ये थोड्याशा बदलांनी चालण्याची शक्यता चांगली आहे. ऑक्टेव्हची कमांड लाइन मॅटलॅबपेक्षा खूप लवकर सुरू होते आणि परवान्याचे पैसे नाहीत. अडतं ते मॅटलॅबच्या टेबल प्रकारावर आणि नव्या स्ट्रिंग प्रकारावर. ‘फाइंडपीक्स’ दोन्हीकडे आहे, पण पर्याय आणि ठरीव किमती एकसारख्या नाहीत, ते डोळ्यांनी तपासून घ्या. ऑक्टेव्ह जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. वेगळी प्रोसेस म्हणून चालवलंत तर तुमच्या जावा कोडच्या परवान्याचा प्रश्न सहसा येत नाही, त्याची लायब्ररी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये जोडून तो वाटायचा असेल तर येतो. सायलॅब या आणखी एका फुकट साधनाचं नावही कानावर येईल, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ते आपल्या कॉलेजांमध्ये पुष्कळ नेलंय. साधन चांगलं आहे, पण त्याची भाषा मॅटलॅबसारखी दिसली तरी तीच नाही. तयार स्क्रिप्ट हातात असताना मी तिकडे जाणार नाही.

मार्ग कुठलाही घ्या, डेटा सीमा ओलांडतो तिथे जास्तीत जास्त लक्ष द्या. सेकंदाला २५,६०० नमुने धरले तर दहा सेकंदांत २,५६,००० आकडे. डबलमध्ये हे दोन एमबी होतात. मजकूर म्हणून लिहिलेत आणि काहीही न गमावता परत यावेत म्हणून १७ सार्थ अंक ठेवलेत, तर तेच पाच एमबीच्या घरात जातं आणि वाचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. सिग्नलसाठी बायनरी फाइल घ्या, निकालासाठी जेसन (माणसालाही वाचता येणारं मजकुराचं स्वरूप).

बायनरीत सापळा आहे बाइटच्या क्रमाचा. जावाचे ‘डेटाआउटपुटस्ट्रीम’ आणि ‘बाइटबफर’ मुळात मोठा बाइट आधी लिहितात. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर मॅटलॅबचं ‘एफरीड’ लहान बाइट आधी आहे असं धरून वाचतं. जावाने १.० लिहिला की मॅटलॅबला तिथे ३.०३८६५ गुणिले दहाचा उणे ३१९ वा घात दिसतो. म्हणजे जवळजवळ शून्य, आणि शून्य कंपन म्हणजे मशीन ठणठणीत! एरर इथेही येत नाही. जावात बाइटबफरला लिटल एंडियन, म्हणजे लहान बाइट आधी, असं सांगा, किंवा ‘एफरीड’ला उलटा क्रम सांगा, दोन्हीपैकी एकच करा. आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक ठरलेला आकडा लिहा. मॅटलॅबने आधी तो वाचायचा, जुळला नाही तर तिथेच थांबायचं. आठ बाइटांचा हा पहारेकरी मी प्रत्येक प्रकल्पात ठेवतो.

तीन अक्षांचा सेन्सर असेल तर आणखी एक. मॅटलॅब मॅट्रिक्स उभ्या रांगांनी साठवतं. जावाने एक्स, वाय, झेड, एक्स, वाय, झेड असं लिहिलं असेल तर ते तीन आडव्या रांगा आणि हवे तेवढे स्तंभ असंच वाचायचं आणि मग उलटवायचं. सरळ तीन स्तंभ म्हणून वाचलंत तर तिन्ही अक्षांची सरमिसळ होते, आणि कंपनाचा सिग्नल मुळातच खडबडीत असल्यामुळे आलेख पाहूनही पटकन कळत नाही.

जेसनच्या दोन खोडी. मॅटलॅबचं ‘जेसनएनकोड’ एकच आकडा असलेली यादी यादी म्हणून लिहीत नाही, नुसता आकडा लिहितं. दोन शिखरं सापडली तर यादी, एकच सापडलं तर आकडा, आणि जावाचा पार्सर यादी नाही म्हणून एरर देतो. नेमका हा प्रकार बिघाड सुरू होताना घडतो, कारण तेव्हाच एकुलतं एक शिखर वर यायला लागतं. शिखरं सेल अॅरेत घालून लिहा, म्हणजे यादी कायम यादीच राहील. दुसरी खोडी म्हणजे एनएएनचा ‘नल’ होतो. तो जावाच्या बाजूला ‘मोजता आलं नाही’ असाच वाचायचा, शून्य म्हणून नाही.

आकडे मजकुरात लिहायची वेळ आलीच तर लोकेल (मशीनची भाषा-प्रदेशाची सेटिंग) सांभाळा. जर्मन लोकेलवर जावाचं ‘स्ट्रिंग डॉट फॉरमॅट’ दशांशाच्या जागी स्वल्पविराम लिहितं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आपल्याकडे वेगळीच गंमत होऊ शकते. मशीनचं लोकेल मराठी असेल तर नव्या जावात आणि अँड्रॉइडवर हेच फंक्शन देवनागरी आकडे देऊ शकतं. आपल्याला ‘१४८०’ वाचता येतं, मॅटलॅबच्या ‘एसस्कॅनएफ’ला नाही. मशीनने मशीनसाठी लिहिलेल्या प्रत्येक आकड्याला ‘लोकेल डॉट रूट’ द्या. माणसांना दाखवायच्या स्क्रीनवर मात्र मराठी आकडे जरूर ठेवा.

वेग कमी पडतोय म्हणून चार प्रोसेस एकदम चालवणार असाल, तर प्रत्येक मॅटलॅब स्वतःच मशीनचे सगळे कोअर वापरायला जातं हे ध्यानात ठेवा. चौघे मिळून एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि एकापेक्षाही हळू होतात. मॅटलॅबला एकाच थ्रेडवर चालण्याचा पर्याय द्या, ऑक्टेव्हसाठी ‘ओएमपी नम थ्रेड्स’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवा. आणि स्क्रिप्टमध्ये यादृच्छिक आकडे वापरले असतील तर हेही पाहा. मॅटलॅब दर वेळी त्याच बीजापासून सुरू होतं, नुकत्याच सुरू केलेल्या मॅटलॅबमध्ये ‘रँड’ लिहिलंत की पहिला आकडा ०.८१४७. चार प्रोसेस चार वेगळे नमुने घेताहेत असं आपण समजतो, प्रत्यक्षात चारही तेच काम चार वेळा करत असतात. प्रत्येकीला बीज बाहेरून द्या आणि ते लॉगमध्ये लिहून ठेवा.

राहिला शेवटचा मार्ग, जावात किंवा पायथनमध्ये पुन्हा लिहिणं. स्क्रिप्ट दोन-तीनशे ओळींची असेल, तिचं गणित आता बदलणार नसेल आणि ती दहा वर्षं चालवायची असेल, तर हा चांगला मार्ग आहे. पण गणित रोज बदलतंय, सहकारी दर आठवड्याला फिल्टर सुधारतोय, अशा वेळी दोन प्रती ठेवू नका. लिहायचं ठरलं तर बारीक फरक आधीच माहीत असू द्या. मॅटलॅबचं ‘एसटीडी’ (प्रमाण विचलन) एन वजा एकने भागतं, पायथनच्या नमपाय लायब्ररीचं एनने. गोल करताना उणे २.५ ला मॅटलॅब उणे ३ करतं, जावाचं ‘मॅथ डॉट राउंड’ उणे २. मॅटलॅबच्या आणि पायथनमधल्या सायपायच्या ‘फिल्टफिल्ट’ या फिल्टर फंक्शनमध्ये सिग्नलच्या टोकांना किती भर घालायची याचा ठरीव हिशोब वेगळा आहे, त्यामुळे सुरुवातीचे आणि शेवटचे नमुने जुळत नाहीत. यातला प्रत्येक फरक एका ओळीत मिटतो. तो आहे हे ठाऊक नसलं तर मात्र दिवस जातात.

तुमच्या प्रश्नातल्या परिस्थितीत मी काय करेन ते सांगतो. सहकाऱ्याला आजच सांगा की दहा-वीस खरे सिग्नल, चांगल्या आणि बिघडलेल्या दोन्ही बेअरिंगांचे, आणि त्यांची त्याच्या लॅपटॉपवरची उत्तरं पूर्ण अचूकतेने जतन करून द्यावीत. मॅटलॅब साधारणपणे चारच दशांश दाखवतं, त्यामुळे स्क्रीनवरून उतरवलेली उत्तरं घेऊ नका. या फाइली तुमची कसोटी. फंक्शन केल्यावर, जावातून बोलावल्यावर, ऑक्टेव्हवर नेल्यावर, दरवेळी याच चालवायच्या आणि उत्तरं सापेक्ष फरकाने ताडायची. एकास एक तंतोतंत बरोबरी मागू नका, एफएफटीची लायब्ररी बदलली की शेवटचे अंक हलतात. अब्जांश भागापर्यंत जुळलं की पुरे.

मग ऑक्टेव्हवर चालतं का ते पाहा. चालत असेल तर दर दहा मिनिटांनी एक ऑक्टेव्ह प्रोसेस, एक फोल्डर आत, एक जेसन बाहेर. यात परवाना नाही, जेव्हीएमला धोका नाही, आणि बिघडलं तर तोच फोल्डर हाताने चालवून पाहता येतो. ऑक्टेव्हवर अडलं तर हेच ‘मायनस बॅच’ने मॅटलॅबवर करा, आणि यंत्रणा एकाहून जास्त कारखान्यांत जायची असेल तेव्हा जार फाइल बनवा. इंजिन एपीआय या कामाला लागत नाही.

परवान्याबद्दल एवढंच की सहकाऱ्याच्या नावावरचा परवाना सर्व्हरवर टाकून दिवसरात्र चालवू नका. एका माणसाच्या नावाचा परवाना त्या माणसापुरता असतो आणि कॉलेजचा परवाना कारखान्याच्या कामाला चालत नाही. विक्रेत्याला नेमका वापर लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या.

आणि दहा मिनिटांचं काम नऊ मिनिटांत झालं नाही तर काय, हे आधीच ठरवा. मी प्रोसेस मारतो, राहिलेल्या सेन्सरांसमोर ‘तपासणी झाली नाही’ असं लिहितो आणि पुढची फेरी वेळेवर सुरू करतो. मागची फेरी चालू असताना पुढची सुरू झाली तर दोन्ही एकमेकींच्या फाइली वाचतात, म्हणून प्रत्येक फेरीचा फोल्डर वेगळा. जावाने सिग्नलच्या फाइली आधी तात्पुरत्या नावाने लिहायच्या आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल पलीकडे कधीच वाचली जाणार नाही.